परक्या भाजीचा वाफा

चौघांना मिळून डुकरीण आवरेना. दोघांनी मागचे पाय धरले, एकानं कान, तरी ती शेजारच्या पाउलाला घेऊन कुंपणावर आदळली.

"सेमिसीदादा, हिला घातलंस तरी काय?" पाउला चिखल पुसत म्हणाला. मग आपण कशासाठी आलोय ते आठवून त्यानं पुन्हा तिचे पाय धरले.

सेमिसी पायरीवर बसला होता. कमरेला सुतकाची मोठी जुनी चटई गुंडाळलेली. काल दुपारी त्याची बायको लुपे वाफ्यातच कोसळली होती आणि आज तिची माती होती. त्याला रडू येत नव्हतं. आत बायकांनी स्तोत्रं धरली होती, ती त्याला पलीकडच्या बेटावरून आल्यासारखी ऐकू येत होती.

डुकरिणीला काय घातलं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या सेइनी नर्सनं बिया दिल्या आणि लुपेनं घरामागे वाफा केला. नवलकोल, बीट आणि केल नावाचा एक चरबट पाला. टोंगात कुणाच्या बापजाद्यांनी असलं काही खाल्लं नव्हतं.

"साखरेच्या आजाराला चांगलं असतं म्हणे," ती ताट पुढे सरकवायची.

"मी काय बकरी आहे? मटण कुठंय?"

"एक घास तरी खा ना."

"डुकरिणीला घाल. माझ्या मयताला तिला कापाल तेव्हा लोक तुला दुवा देतील."

लुपे हसायची नाही. तांब्याभर पाणी घटाघट पिऊन चुलीपाशी बसायची. दुकानातलं हवाबंद डब्यातलं मटण अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवायची. दोघं तेच पोटभर खायची, आणि भाजी टोपलीनं डुकरिणीकडे जायची. एकदा तिच्या टाचेत शिंपला रुतला. रक्ताची पावलं घरभर उमटली, तरी तिला पत्ता नव्हता. "लक्ष कुठं असतं तुझं?" सेमिसी तेव्हा ओरडला होता.

आधी आपण जाणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. पोट त्याचं सुटलेलं, चार पावलांत धाप त्याला लागायची. लुपे आपली काटकुळी. देवानं माणूस चुकवला असंच त्याला सकाळपासून वाटत होतं, आणि त्यापुढे काहीच वाटत नव्हतं.

डुकरीण एकदाची निपचित पडली. भट्टीच्या खड्ड्यात दगड तापायला लागले.

सेइनी येऊन त्याच्या शेजारी टेकली. तिचे डोळे सुजले होते.

"पोरी, तुझ्या बियांचं मातेरं केलं मी," सेमिसी म्हणाला. "एका पानाला तोंड लावलं नाही. ती बिचारी माझ्यासाठी उन्हातान्हात राबली, आणि बघ, मी ठणठणीत."

"तुमच्यासाठी?" सेइनी गोंधळली. "काका, तुमचं रक्त मीच तपासलं होतं. तुम्हाला साखर नाहीच. बिया काकूंना दिल्या होत्या, गोळ्यांबरोबर. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

सेमिसीनं घरामागच्या वाफ्याकडे मान वळवली.

"दर खेपेला मी विचारायचे, काकू, भाजी खाता ना?" सेइनीनं नाक पुसलं. "तर म्हणायच्या, 'नवऱ्याच्या ताटात एक आणि माझ्या ताटात दुसरं, असं आमच्यात नसतं गं. तो खायला लागला की मीही लागेन.'"