वेव्ह फाइलमधली बाई

बेला गावच्या सुनयनानं भर दुपारी आपल्या सासूचं, देवकाबाईंचं, निंदणीचं गाणं रेकॉर्ड केलं. देवकाबाई एकट्याच गायल्या. प्रत्येक ओळीनंतर सवयीनं थोडं थांबल्या.

लॅपटॉपवर सुनयनानं आधी आवाज दाबून लहान होणारी एमपीथ्री फाइल केली आणि ऐकली. थांबण्याच्या जागा रिकाम्याच होत्या. आवाजातलं काही गळू नये म्हणून तिनं मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये सेव्ह करून लावलं. आता प्रत्येक रिकाम्या जागी दुसरी एक बाई ओळ झेलत होती.

"आत्याबाई, हे कोण गाऊन राह्यलं?"

देवकाबाई लॅपटॉपजवळ सरकल्या. "माही माय. जित्ती होती तवा आमी दोघी मिळूनच म्हणत होतो."

गाणं संपलं. पडद्यावरची रेघ थांबली. देवकाबाईंनी हात जोडले आणि रेकॉर्डिंगमध्ये नसलेली एक ओळ हळूच म्हटली.

लॅपटॉपमधून पुढची ओळ आली.