उलटा हात

“तू आपला सेफ्टी रेझरच वापर. वस्तरा तुझ्या हाताला झेपायचा नाही,” असं बाबा जाईपर्यंत म्हणत राहिले. दुकान माझ्या हवाली केलं, पण स्वतःच्या दाढीला मला कधी हात लावू दिला नाही.

आज मी तो रेझर खणात टाकला, त्यांचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला आणि आरशात बघून माझीच दाढी केली. साधा ओरखडासुद्धा नाही!

“बघा, बाबा!” मी रिकाम्या दुकानात ओरडलो.

तेवढ्यात माझ्या गालावरून एक उलटा हात फिरला, बाबा गिऱ्हाइकाचा राहिलेला खुंट शोधायचे तसा. हनुवटीखाली थांबला. त्याला काही सापडलं नाही.

मग मागच्या खुर्चीची पाठ करकरत मागे कलली. उशीवर डोक्याएवढा खळगा पडला.

ताठ मानेनं मी ब्रश भिजवला.