रोबोटच्या तोंडी पेढा

चौऱ्याण्णव साली औंधच्या जत्रेत वाईच्या सुमंतने भविष्य सांगणारा रोबोट आणला होता. कानाला हेडफोन लावला की त्याच्या पत्र्याच्या पोटातली टेप बोलायला लागायची.

बनुबाईंनी हेडफोन लावला. "चिंता सोडा," रोबोट म्हणाला, "यंदा तुमच्या घरी शुभमंगल आहे."

फौजेतल्या लेकासाठी दोन वर्षं पोरी बघून दमलेल्या बनुबाई हरखल्या. "तुज्या तोंडात साखर पडू दे रं लेकरा!" म्हणत त्यांनी प्रसादातला पेढा खरोखरच रोबोटच्या तोंडाच्या फटीत कोंबला. त्याचे दिवे फडफडले.

"अहो मावशी, मशीन आहे ते! बिघडलं ना!" सुमंत ओरडला.

"आसंना का मशीन. एवढं ग्वाड बोललं, तर त्याचं तोंड ग्वाड करायचं न्हाई व्हय?"

टेप त्याच शुभमंगलाच्या वाक्यावर अडकली. पुढचा गडी हसत उठला. त्याच्या मागची म्हातारी चक्क लाजत उठली. तासाभरात रांग पार पाळण्यापर्यंत गेली.

नेमकं काय बिघडलंय ते बघायला शेवटी सुमंतने स्वतःच हेडफोन लावला. चाळिशी उलटली तरी त्याचं लग्न कुठे जमलं नव्हतं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

पत्र्याच्या लेकराच्या काळजीने तिथंच थांबलेल्या बनुबाईंनी विचारलं, "काय म्हनतंय वो?"

"मावशी," सुमंत हळूच म्हणाला, "अजून एक पेढा आहे का?"