पिवळा दिवा

लेकीने किल्ली अर्धी फिरवली आणि हात तिथेच थांबवला. काट्यांच्या खाली दिवे उजळले. बॅटरीचा, ऑइलचा, आणखी दोन-तीन. इंजिनाचा पिवळा दिवा काही लागला नाही.

तिने किल्ली मागे घेऊन पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"आता काय मुहूर्त बघतेस?" शेजारच्या सीटवरून बाबा म्हणाले. "कर ना सुरू."

लेक ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. नवीन माणसाला गिअर दाखवण्याच्याही आधी ती हेच शिकवायची: किल्ली फिरवली की सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. जो लागतच नाही, त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

"बाबा, इंजिनाचा दिवा लागत नाहीये."

"मग चांगलंच आहे की. काही बिघाड नाही."

"बिघाड नसला तरी आत्ता लागायला हवा. हा गेलाय."

"गेला नाहीये. काढलाय." बाबा शांतपणे म्हणाले.

"काढलाय म्हणजे?"

"बल्ब काढून घेतला. सारखा डोळ्यात खुपायचा. गाडी उत्तम चालतेय आणि याचं आपलं रडगाणं सुरूच."

लेकीने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. या माणसापुढे हात टेकले! शिकायला येणारे लोक गाडी गटारात घालायचे, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे, पण त्यांच्यावरही तिने कधी आवाज चढवला नव्हता. आत्ता मात्र तिच्या जिभेवर भलतंसलतं आलं होतं. उद्या मावशीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी आईला आपल्या बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं होतं. मध्ये अख्खा घाट होता. म्हणून तर गाडी चालवायला लेकीला बोलावलं होतं.

"घाटात बंद पडली म्हणजे?"

"आजवर पडली का?"

"हा दिवा लागायला लागला कधी?"

"तुझ्या आईलाच विचार. तिनेच डोकं उठवलं होतं. अहो, दिवा लागलाय. अहो, दाखवून आणा. भाजी आणायला निघालो तरी तेच. शेवटी तिच्यासाठीच काढला म्हण ना."

आई मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत बहिणीसाठी विणलेला स्वेटर होता.

"तुम्ही तर म्हणालात, दुरुस्त केली," ती म्हणाली.

"मी म्हटलं, दिवा बंद झाला. झाला होता की नाही?"

"मी विचारलं, काय झालं होतं? तुम्ही म्हणालात, किरकोळ होतं."

"किरकोळच होतं. एक स्क्रू आणि एक बल्ब." बाबा स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"त्या दिवशी मी ताईला फोन केला होता," आई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "म्हटलं, ताई, यांनी माझं ऐकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी काही सांगितलं आणि यांनी उठून केलं. ती किती हसली. म्हणाली, जपून ठेव तो दिवस."

बाबा काचेवरची धूळ बोटाने पुसू लागले. धूळ बाहेरच्या बाजूला होती.

"अगं, पण एवढ्याशावरून..."

आईने दार उघडलं. फाटकाशी लेकीची स्कूलची गाडी उभी होती. टपावर लाल अक्षरांची पाटी, दोन्ही दारांवर फोन नंबर. सकाळी बाबांनीच त्या गाडीला नाक मुरडलं होतं. शिकाऊ गाडीतून साडूच्या दारात उतरायचं म्हणजे होती नव्हती ती अब्रू घालवायची! आई सरळ तिकडे गेली आणि पुढे जाऊन बसली. एरवी त्या सीटवर लेक बसायची. तिथे पायाशी शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक होता.

बाबांनी उतरून आपल्या गाडीला कुलूप लावलं. मग ते इकडे आले, पाटीकडे एकदा बघितलं आणि मागे बसले. त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते.

"जरा सीट पुढे घे," ते म्हणाले. आईने घेतली नाही.

लेकीने किल्ली फिरवली. आई वाकून बघत होती.

"यातला इंजिनाचा कोणता?"

लेकीने बोट ठेवून दाखवला. मग इंजिन सुरू केलं आणि पिवळा दिवा विझला.

"आपला आपण विझला ना?"

"आपला आपण."

गाडी फाटकाबाहेर पडली तसं मागून बाबांचं सुरू झालं. "उजवीकडून घे, तिकडून जवळ पडतं. आणि मी काय म्हणतो, तिथे गेल्यावर हे बल्बचं वगैरे कोणाला सांगत बसू नका. ताईंना तर नकोच. उगाच माझं..."

गाडी गचकन थांबली. बाबांचं नाक पुढच्या सीटवर आदळलं. लेकीने दचकून खाली पाहिलं. तिचा स्वतःचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच होता.

"काही नाही गं," आई म्हणाली. "दाबून बघितला. चालतो."