धक्क्याचा फोटो

बेटावरचा पहिला धक्का माझ्या नवऱ्याने लाटांशी भांडत, दगडावर दगड रचून बांधला. ते गेले, आणि धक्क्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा "धक्का मीच बांधला" म्हणत दीर छाती काढून पुढे झाले. पुरावा म्हणून त्यांनी, बांधकाम चालू असताना मीच हौसेने काढलेला जुना फोटो मोठा करून सभेत लावला.

"बघा, बाकी सगळे धूसर, मी तेवढा लख्ख! वहिनी, सांगा की यांना, तुम्हीच काढलाय ना?"

मी शांतपणे उठले.




"मीच काढलाय, भाऊजी. फोटो उमटायला त्या कॅमेऱ्याला फार वेळ लागायचा, म्हणून दगड वाहणारे सगळे धूसर आले. जागचा न हलणारा तेवढा लख्ख आला."