मनस्विनीची ट्रीटमेंट

तांबी बसवताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. इंटरनेटवरच्या बायका म्हणत होत्या, जीव जातो. मनस्विनीने कालपासून डॉक्टरांचं सोडून बाकी सगळ्यांचं वाचून काढलं होतं.

आता जे. पी. नगरच्या छोट्याशा दवाखान्यात ती बाकावर बसली होती. सांगितल्याप्रमाणे तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली होती, पण भीतीवर काही ती लागू पडत नव्हती. शेजारी रघुनंदन हलक्या आवाजात आकडे मोजत होता. चारपर्यंत श्वास आत, सहापर्यंत बाहेर. एवढ्यासाठी त्याने ऑफिसातून रजा टाकली होती. मूल इतक्यात नको, हे दोघांचं ठरलेलं. गर्भनिरोधक गोळ्या तिला सोसेनात, तेव्हा तांबीचं त्यानेच सुचवलं. लग्नाला चार वर्षं झाली, तरी नवरा चांगला मिळाला असं तिला आजही मनापासून वाटत होतं.

"रंग उडालाय तुझा," तो म्हणाला. "खालून कॉफी आणतो. साखर स्वल्प जास्त घालायला सांगतो."

तो जिना उतरला आणि तिचा फोन वाजला. येलहंक्याहून सासूबाई बोलत होत्या. सगळं घर त्यांना अक्का म्हणे.

"मनू, तुझ्याशी यातलं काही बोलायचं नाही, असं रघूनं बजावलंय मला. पण राहवेना बघ. भिऊ नको हं."

म्हणजे त्याने सांगून टाकलं तर! मनस्विनीला एकदम मोकळं वाटलं. अक्कांना कसं सांगायचं, हा घोर वर्षभर तिलाच लागला होता.

"नाही भीत, अक्का."

"नळ्या साफ करायला असा कितीसा वेळ लागतो! एकदा झालं की लगेच दिवस जातात म्हणे. वर्षभर औषधं घेतेस, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाहीस? दोष काय, कुणातही असतो. त्यात लाज कसली?"

मनस्विनीने फोन कानाशी घट्ट दाबला.

"घाटी सुब्रमण्याच्या देवळात संतानासाठी दगडी नाग बसवायचं बोलून आलेय मी. गुरुजी म्हणाले, दोष जिच्यात, संकल्प तिच्या नावानं. तुझंच नाव-नक्षत्र दिलंय. आणि त्या मुग्धाच्या डोहाळेजेवणाला तुला ओटी भरू दिली नाही, ते मनात ठेवू नको. मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, तिला काही विचारू नका, बिचारीचं औषध चालू आहे. बरं, सरी, ठेवते. तुझं आतलं आटपेपर्यंत मी तोंडात पाणी घेणार नाही."

मुग्धा म्हणजे रघुनंदनची चुलत बहीण. त्या दिवशी मनस्विनीच्या हातातला नारळ कुणीतरी अलगद काढून घेतला होता आणि तिला पानं मांडायला आत पाठवलं होतं. आपल्याला अगदी घरचं समजतात, या आनंदात तिने चाळीस पानं मांडली होती.

रघुनंदन दोन कप सांभाळत वर आला.

"अक्कांना काय सांगितलंयस तू?"

त्याने दोन्ही कप बाकावर ठेवले. "फोन केला तिनं? छे! अगं, रोज एकच विचारायची, कधी, कधी. आम्हालाच नकोय म्हटलं असतं, तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ट्रीटमेंट म्हटल्यावर गप्प बसली. तुला त्रास नाही, मला त्रास नाही."

"पण दोष माझ्यात?"

"मग काय माझ्यात सांगू?"

तो चिडून बोलला नव्हता. एवढी साधी गोष्ट हिला कळू नये, याचं त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. परक्या कुणी हे केलं असतं तर मनस्विनीने भांडून घेतलं असतं. या माणसाशी कुठून सुरुवात करावी, तेच तिला सुचेना.

सिस्टरने तिचं नाव पुकारलं. रघुनंदन तिच्याबरोबर उठला.

"तू आत येऊ नकोस," ती म्हणाली. अक्कांचा नंबर लावून तिने फोन त्याच्या हातात दिला. "आपण इथे कशाला आलोय, ते त्यांना खरं सांग. माझ्यासाठी पाण्यावाचून बसल्यात त्या. तेवढं केलंस तरी पुरे मला."

त्याने मान डोलावली.

आत टेबलावर ती आडवी झाली. सिस्टरने पाय वर ठेवायला लावले, अंगावर चादर टाकली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. ट्रेमधली हत्यारं मनस्विनीला आता दिसत होती, पण तिचं सगळं लक्ष कानांत होतं. मधली भिंत प्लायवूडची होती.

"हां अक्का, मी रघू. आत घेतलंय तिला."

तो थांबला. आता सांगेल, तिला वाटलं. शब्द जुळवत असेल.

"नाही गं, धीराची आहे ती." पुन्हा थांबला. "हो, तेच. नळ्यांचंच. तू देवाला हात जोड. होईल बरी."

मनस्विनीला एवढ्या जोरात रडू फुटलं, की कोपऱ्यातली सिस्टर धावत आली.

डॉक्टर गोंधळून जागच्या जागी थबकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी अजून सुरूसुद्धा केलेलं नाही."