परतीचं विमान

नानांनी बॉम्बफेकी विमानाच्या मॉडेलवर शेवटचा ब्रश फिरवला. इंजिनामागे काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, सगळं कसं जीव ओतून रंगवलं होतं. सोबत आलेले इवलेसे बॉम्ब तेवढे डबीतच ठेवले होते. घरात तान्ही नात, तिथे बॉम्ब कशाला?

"अहो, नवंकोरं विमान हे असं गॅरेजात लोळून आल्यासारखं का केलंत?" नातीला खांद्यावर थोपटत बायकोने विचारलं.

"मोहिमेवरून परत येतंय ते. खरं वाटायला नको?"

तिने वाकून पंखांखालच्या रिकाम्या जागा पाहिल्या.

"मग बॉम्ब कुणाच्या घरावर टाकून आलं?"

नानांनी डबी उघडली आणि सगळेच्या सगळे बॉम्ब जिथल्या तिथे पक्के चिकटवून टाकले.